हौदातला उपदेश

पाळकसाहेब आणि माझी म्हैस एकदमच हौदात पडले. आधी फरशी मोडल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, आणि मग काहीच नाही. चर्चच्या आवारात शंभरेक माणसं उभी होती. रविवारची सकाळ होती. म्हैस सहा महिन्यांची गाभण होती. साहेब ऐंशीला टेकलेले होते आणि दाव्याचं टोक त्यांनी मनगटाला गुंडाळलेलं होतं. तसं करू नका म्हणून मी त्यांना दहादा सांगितलं होतं.

मी पळत गेले आणि वाकून बघितलं. खाली काळं पाणी नुसतं हलत होतं.

चूक माझी होती. ती मी पुढं सांगते. आधी हा माणूस कोण होता ते सांगायला पाहिजे, नाहीतर तो म्हैस घेऊन चर्चच्या आवारात काय करत होता ते कळायचं नाही.

कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला आणून बांधतात आणि गिऱ्हाईकाच्या समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. त्याला आम्ही दूधकट्टा म्हणतो. आमच्या कट्ट्यावर बाई मी एकटीच. नवरा गेला, म्हैस राहिली, म्हणून मी उभी राहिले. शिक्षण चौथी. त्याच्यापुढचं जे काही आलं ते ग्लास धुता धुता आलं.

साहेब जवळच्या मिशन कंपाउंडात दोन खोल्यांत राहायचे. बायको वारलेली, मुलगी पुण्यात. मूळचे आजऱ्याचे. पाद्री व्हायला आलेल्यांना ते ग्रीक भाषा शिकवायचे. उन्हाळा असो, पावसाळा असो, अंगात काळा कोट. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात घडीचं स्टूल. स्टूल उघडून माझ्या म्हशीच्या तोंडासमोर बसायचे. कट्ट्यावरचे लोक त्यांना 'फादर' म्हणायचे, त्याचा त्यांना राग यायचा.

"फादर ते दुसरे. मी पाळक," ते म्हणायचे.

"दूध दोघांना बी तेच हाय की," मी म्हणायची.

आले की "सलाम, बाई." मी म्हणायची, "जयभीम, साहेब." मग अर्धा तास ते एकाच शब्दाबद्दल बोलायचे.

शब्द होता सेम्नोस. ग्रीक शब्द. त्यांच्या शास्त्रात चार-पाच ठिकाणीच येतो म्हणे. मराठीत एके ठिकाणी त्याला आदरणीय म्हटलंय, दुसऱ्या ठिकाणी गंभीर. दोन्हीवर साहेबांचा राग.

"आदरणीय ऐकलं की लोकांना शाल आणि नारळ आठवतो. गंभीर ऐकलं की दवाखाना. शब्द बिचारा मधल्या मध्ये मेला."

"मग म्हंजे काय ओ त्यो?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी ग्लास खाली ठेवला. बहुतेक बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"बाई, समजा एक माणूस समोर आला. तुमचा आवाज आपोआप खाली आला. वाकडे बसला असाल तर नीट बसलात. पण पाय मागं सरकले नाहीत. उलट वाटलं, जरा जवळ जाऊन बसावं. तो माणूस सेम्नोस."

"फौजदार?"

"फौजदारासमोर आवाज खाली येतो, पण पाय मागं सरकतात."

"देव?"

"ग्रीक लोक आधी देवांनाच लावायचे हा शब्द. शास्त्रानं तो म्हाताऱ्यांना लावला. मंडळीतल्या बायकांनाही लावला."

"बायकांस्नी बी?"

"बायकांना सुद्धा."

"मग बरं हाय," मी म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाचा ग्लास भरला.

तीस वर्षं ते असा माणूस शोधत होते. खिशात एक वही असायची. कुणी भेटलं की त्याचं नाव, आणि पुढं 'आहे', 'नाही' किंवा 'अर्धा'. 'आहे' फार थोडे. त्यातली एक आजऱ्याची काजू फोडणारी बाई. काजूच्या तेलानं तिचे हात कोपरापर्यंत काळे. कारखान्यात कुणी मोठा साहेब आला, सगळे उठून उभे राहिले, ती उठली नाही. उद्धटपणानं नाही, हातातली बी फुटायची राहिली होती म्हणून. ती फुटेपर्यंत तो साहेबच डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. हे सांगताना पाळकसाहेब स्वतः स्टुलावर ताठ व्हायचे.

कट्ट्यावर त्यांनी परीक्षा काढली होती. धारोष्ण दूध प्यायलं की मिशीला फेस लागतो. एखादा वजनदार माणूस ग्लास संपवून कुणाला तरी ज्ञान शिकवत असला की साहेब मध्येच म्हणायचे, "आपल्या मिशीला फेस आहे." बस. मग बघत राहायचे. बहुतेक जण बोलणं तोडून तोंड पुसायचे. वही निघायची. नाही.

एकदा एका पैलवानाला म्हणाले. पैलवान म्हणाला, "लागू दे की! दूध पितोय, लपून दारू न्हाय पीत!"

साहेबांनी लिहिलं, अर्धा.

"अर्धा का ओ? चांगलं बोलला की गडी."

"पुसलं नाही म्हणून अर्धा. पण छाती फुगवली, म्हणून बाकीचा अर्धा कापला."

"आनि माजं काय? मला मिशी न्हाय."

"तुमची परीक्षा वेगळी," ते म्हणाले. कुठली ते सांगितलं नाही.

एक गोष्ट सांगून टाकते. काही गिऱ्हाईकं नवीन असली की विचारायची, "मावशी, कुठल्या तुमी? आडनाव काय?" मी सांगायची. मग त्यांना आठवायचं की घरी दूध आहे. आणि ती चार पावलं जाऊन शेजारच्या म्हशीचा ग्लास घ्यायची. मला सवय होती. साहेबांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या माणसाचं नाव विचारायला त्याच्या मागं गेले. वहीत लिहायला नाव पाहिजे होतं. तो घाबरून दूध न पिताच गेला.

एके दिवशी मंडळीचा, म्हणजे साहेबांच्या चर्चचा, सेक्रेटरी आला. रिटायर अधिकारी, पांढरी पँट, कल्ले राखलेले, बुलेटवरून. या माणसाला हसताना कुणी बघितलं नव्हतं, आणि मंडळीत त्याला फार गंभीर मानायचे. दूध प्याला. साहेब म्हणाले, "आपल्या मिशीला फेस आहे." सेक्रेटरीनं रुमालानं तीनदा पुसलं, मग बुलेटच्या आरशात जाऊन बघितलं, मग परत येऊन विचारलं, "गेला का?"

साहेबांनी त्याच्यासमोरच वही काढली.

ते वैर तिथून. त्याच्या आधीच मंडळीनं साहेबांचा उपदेश बंद केला होता. कुठलाही पाठ वाचला तरी गाडी त्या एका शब्दावर यायची. त्यात एका लग्नात आशीर्वाद देताना ते नवरदेवाला म्हणाले, "तू अजून सेम्नोस नाहीस. पण मुलगी आहे. तिच्याकडं बघून शीक." मुलाकडचे जेवताना त्यांच्याकडं पाठ करून बसले. त्यानंतर चार वर्षं साहेब उपासनेला मागच्या बाकावर.

ते तक्रार करणारे नव्हते. एकदाच बोलले. "बाई, एका शब्दाला तीस वर्षं दिली. तो सांगायला माणसं मिळाली नाहीत, तर मी तीस वर्षं केलं काय?"

मी म्हटलं, "मला सांगितलासा की."

"तुम्ही एकट्या," ते म्हणाले. "आणि ही."

ही म्हणजे माझी म्हैस, बिजली. तिला त्यांनी वर्षभर बघितलं होतं. रिक्षा हॉर्न वाजवत जावो, कुत्री भुंकोत, कुणी शिंगाला हात लावो, ही हलायची नाही. मोठे डोळे करून बघायची आणि रवंथ करायची. तिच्यासमोर भांडणारी माणसं आवाज खाली करायची, हे मीही बघितलेलं आहे. वहीत शेवटचं 'आहे' तिचं होतं.

"बिजली हे नाव मात्र चुकलं," ते म्हणायचे.

इथं माझी चूक येते.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात. मग मालक मोटरसायकल जागेवर उभी करून दोनतीनदा जोरात आवाज काढतो आणि पुढं पळवतो, आणि म्हैस त्या गाडीमागं सुटते. जी सगळ्यांत जोरात पळते तिचं नाव गावभर होतं. बिजलीला माझ्या मुलानं ती रेडी असल्यापासून शिकवलेलं. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना ती कान द्यायची नाही. पण उभ्या गाडीनं रेस केली की ती कुणाच्या बापाला थांबायची नाही. तीनशे चौसष्ट दिवस खांब, एक दिवस वीज.

साहेब दर दिवाळीला पुण्याला मुलीकडं. त्यांनी पाडवा कधी बघितलाच नव्हता. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वहीतलं 'आहे' खोडलं असतं, आणि माझ्या दावणीला त्या वहीतलं काहीतरी आहे याची मला ऐट वाटत होती. एवढंच कारण.

पावसाळा संपत आला होता तेव्हा ते एकदा स्टूल न आणताच आले. मंडळीत येता रविवार वृद्धांचा होता, आणि जुने पाळक म्हणून त्यांना उपदेश करायला सांगितलं होतं.

"सेक्रेटरीनं पंधरा मिनिटं दिलीत. पंधराच. बाई, मला बिजली पाहिजे."

"कशाला?"

"शब्द सांगून सांगून तीस वर्षं गेली. आता दाखवणार."

"साहेब, गाभण हाय ती."

"मी धरीन."

"तुमी? तुमास्नी छत्री धरवत न्हाय!"

पण मी हो म्हटलं. ज्या गावात माझ्या हातचं दूध नको म्हणणारे होते, तिथं शंभर माणसं उभी राहून माझ्या म्हशीकडं मानानं बघणार, हे मला सोडवेना. शनिवारी तिला दोनदा धुतली. शिंगांना तेल लावलं. घरी मुलगा म्हणाला, "आई, तिथं कुणी उभी गाडी तानली तर?" मी म्हटलं, "चर्चात कोन गाडी तानतंय?"

सेक्रेटरीनं सांगितलं होतं, दाराच्या आत म्हशीचा एक खूर नको. म्हणून सगळी मंडळी बाहेर आली आणि साहेब दावं धरून पायरीवर उभे राहिले. फार खुशीत होते. सुरुवातीलाच ग्रीकमध्ये बोलले, मग त्याचं मराठी सांगितलं, मग काजूवाली बाई सांगितली. शब्दाचा अर्थ आता येणार एवढ्यात सेक्रेटरीनं घड्याळ वर केलं.

"पंधरा झाली."

"आता तर सुरू होतंय."

"पंधरा म्हणजे पंधरा, साहेब."

"मग तुम्ही ऐकू नका. बाकीचे ऐकतील."

कुणीतरी हसलं. सेक्रेटरी लाल झाला, तरातरा बुलेटकडं गेला, बसला, आणि साहेबांचा आवाज बुडावा म्हणून उभ्या गाडीवरच त्यानं तीनदा रेस केली.

मला बिजलीचे कान दिसले. मी ओरडले, "साहेब, दावं सोडा! सोडा!" त्यांना वाटलं, मी घाबरले. त्यांनी मला हात दाखवला, की मी आहे. बुलेट निघाली आणि त्याच क्षणी बिजली सुटली.

ऐंशी वर्षांचा माणूस तसा पळताना मी दुसरा बघितला नाही. कोट मागं उडत होता. पायरीपासून चिंचेपर्यंत त्यांनी आजऱ्याची एक शिवी अखंड घातली. ती मी इथं लिहीत नाही. मंडळीतल्या बायकांनी ती मला नंतर तीनदा, हळू आवाजात, अगदी बरोबर सांगितली.

चिंचेच्या पलीकडं जुना पाण्याचा हौद होता, वरून फरशी घातलेला. सेक्रेटरी त्याच्यावरून गेला. फरशीनं बुलेट सोसली. म्हैस सोसली नाही.

तर मी वाकून बघत होते. आधी शिंगं दिसली. मग पाणी बाजूला झालं आणि साहेब वर आले, छातीपर्यंत पाण्यात, चष्मा एका कानावर, दावं अजून मनगटाला. खाली शेवाळ, पाय ठरेना. सेक्रेटरी गाडी टाकून धावत आला, चिखलात पांढऱ्या पँटवर आडवा झाला आणि त्यानं वरून साहेबांची कॉलर दोन्ही हातांनी धरली. हे मात्र त्यानं केलं. एकही क्षण विचार केला नाही.

कुणीतरी शिडी आणली. साहेब चढेनात. म्हैस निघाल्याशिवाय मी निघणार नाही म्हणाले. मी पदर खोचला आणि त्याच शिडीनं मीच खाली उतरले. पाणी गार होतं आणि घाण होतं. मी बिजलीच्या पोटाखाली हात घातला. आत काही हलताना लागत नव्हतं. मी सेक्रेटरीला, त्याच्या बुलेटला आणि स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्यांच्यापुढं आजऱ्याची शिवी म्हणजे प्रार्थना.

बिजली मात्र एकदा फुसफुसली, पाण्यात नीट उभी राहिली, डोळे अर्धे मिटले आणि रवंथ करायला लागली.

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वर बघितलं. हौदाच्या कडेनं सगळी मंडळी वाकून उभी होती.

"आता बघा," ते म्हणाले.

"साहेब, आधी वर या," सेक्रेटरी म्हणाला.

"वर पंधरा मिनिटं होती. इथं वेळ माझा आहे. तुम्ही कॉलर धरा."

जेसीबी यायला पाऊण तास लागला. पाऊण तास साहेब बोलले. दात वाजत होते, पण बोलले. "तीस वर्षं मी चुकलो," ते म्हणाले. "मला वाटायचं, सेम्नोस म्हणजे जो हलत नाही, पडत नाही, ज्याच्या मिशीला काही लागत नाही. ही पळाली. वेड्यासारखी पळाली. मी शिवी दिली, ती तुम्ही ऐकली. दोघं पडलो. आणि आता हिच्याकडं बघा. कुणी बघतंय म्हणून ही अशी उभी नाही. तुमचे आवाज खाली आलेत की नाही? आणि जवळ यावंसं वाटतंय की नाही?"

"वाटतंय ओ," वरून एक म्हातारी म्हणाली, "पन पानी लई घाण हाय!"

सगळे हसले. साहेबही हसले. म्हैस पाण्यात गेली की निवांत होते, कुणाचीही म्हैस असो, यात शास्त्र काही नाही. हे मला माहीत होतं. मी परत गप्प बसले.

शेवटी पट्टे घालून बिजलीला उचलली, मग मी शिडीनं वर आले आणि माझ्यामागं साहेब. सेक्रेटरीचे हात आखडले होते, ते कोपरातून सरळ होईनात. त्याच्या मिशीला, कल्ल्याला, सगळीकडं चिखल. साहेबांनी त्याच्याकडं निरखून बघितलं.

"आपल्या मिशीला चिखल आहे."

"असू दे," सेक्रेटरी म्हणाला. त्याच्या अंगात पुसायचं बळच नव्हतं.

साहेबांनी खिशात हात घातला. वही भिजून लगदा झाली होती. तरी बोलले, "अर्धा."

पुढच्या आठवड्यात ते कट्ट्यावर आले. कोट तोच, इस्त्री करून. स्टूल उघडलं. सलाम झाला, जयभीम झालं. तोपर्यंत कुणीतरी त्यांना पाडव्याचं सांगितलं होतं. मी वाट बघत होते.

"नवी वही केली. बिजलीचं 'आहे' तसंच ठेवलं," ते म्हणाले. "माझं 'नाही' लिहिलं. शिवीमुळं नाही. दावं मनगटाला गुंडाळलं म्हणून. तुम्ही सांगितलेलं ऐकलं नाही."

"आनि माजं?"

"तुम्ही मला सांगितलं नाही, की ही पळते."

"खोटं बोलले न्हाय मी. गप बसले."

"तेच," ते म्हणाले. "नाही."

मला राग आला नाही. खरं होतं ते. उलट ते एकदाच मोजत होते, मी दोनदा गप्प बसले होते. तेही मी सांगितलं नाही. ग्लास भरला आणि हातात दिला. त्यांनी तो घेतला, प्याला, आणि मिशीला लागलेला फेस तसाच ठेवून अर्धा तास बसून राहिले.

चर्चमध्ये त्यांना परत उपदेश करू दिला नाही. त्यांनीही मागितला नाही. आणखी दोन वर्षं कट्ट्यावर आले, मग पुण्याला गेले आणि तिथं अंथरुणात, झोपेत वारले. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

हौदातून निघाल्यावर जनावरांच्या डॉक्टरनं बिजलीच्या पोटाला बराच वेळ हात लावून बघितलं होतं आणि म्हणाला होता, "हाय. हलतंय." चार महिन्यांनी ती व्याली, आणि रेडी झाली. त्या रविवारी हौदात एक पाळक, मी, एक म्हैस आणि म्हशीच्या पोटातली ती रेडी अशी चौघं होती. चौघंही जगली.